पावणेएकचा रिलीव्हर

माझ्या दाखल्यावर 'वर्तणूक' या शब्दापुढे एक ओळ टाइप केलेली आहे : चालू इंजिनाची पाळी रिलीव्हर येण्याआधी सोडून गेला. खाली सही आणि शिक्का. ओळ खोटी आहे, आणि ती खोटी आहे हे शिक्का मारणाऱ्यालाही ठाऊक होतं. जहाजावर इंजिनीअर म्हणून जायचं म्हणून मी दोन वर्षं घासली आणि या एका ओळीमुळे जहाजाची शिडी कधी चढलो नाही. आज पांढरकवड्याला हायवेच्या कडेला माझं जनरेटर आणि डिझेल इंजिनांचं वर्कशॉप आहे. चार माणसं हाताखाली आहेत, चांगलं चालतं. चांगलं चालतं ना, मग विसर आता, असं सांगणारे भेटतात. त्यांना मी चहासुद्धा विचारत नाही.

राळेगावहून पांढरकवड्याकडे येताना मुख्य रस्ता सोडून एक फाटा आत जातो. दोन्ही बाजूंना कपाशी, सोयाबीन, आणि मधेच निळ्या पत्र्याची एक उंच शेड. ही आमची मरीन इंजिनिअरिंगची संस्था. एसटीचे कंडक्टर फाट्यावर घंटी मारून म्हणायचे, "चला, समुद्र आला, उतरा बापा." सगळी गाडी हसायची. आम्ही पांढरे शर्ट आणि काळे टाय घालून धुळीत उतरायचो.

शेडमध्ये मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. कुठल्याशा मोडीत काढलेल्या जहाजाच्या पोटातून सहा सिलिंडरचं इंजिन, त्याचे पंप, पाइप, लोखंडी शिड्या, मीटरचा फलक, सगळं कापून ट्रेलरवरून इथं आणलं होतं आणि जसंच्या तसं पुन्हा जोडलं होतं. खऱ्या, चालत्या इंजिनावर शिकवल्याशिवाय हा अभ्यासक्रम चालवता येत नाही. त्या जहाजाचं नाव कुणाला माहीत नव्हतं. पितळी पट्ट्यांवरची अक्षरं इंग्रजी नव्हती. शेडला खिडकी नव्हती, कारण जहाजाच्या पोटालाही नसते. आणि एक गोष्ट मी स्वतः पाहिली आहे. तीन-तीनदा रंग देऊनही पावसाळ्यात नटांच्या कडांना पांढरं काहीतरी फुटायचं. आम्ही एकदा बोटानं चाटून पाहिलं. मीठ होतं.

"विहिरीचं पाणी खारं असन," माझा रूममेट म्हणाला. विहिरीचं पाणी आम्ही रोज पीत होतो. ते गोड होतं.

हा रूममेट राळेगावकडचा, घरची शेती, स्वभावानं इतका गरीब की मेसमध्ये त्याच्या ताटातलं अंडं कुणीही उचलावं. मी पुसद तालुक्यातल्या एका तांड्यावरचा. आमची जुनी माणसं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायची. माझ्या वाट्याला बैल आले नाहीत, पण सौदा करणारी जीभ आली. पॉलिटेक्निकची पदविका मी जुने पाण्याचे पंप घ्यायचे, दुरुस्त करायचे आणि विकायचे, असं करून पूर्ण केली. कुणापुढे हात जोडले नाहीत. राग लवकर येतो, हे खरं आहे. याडी, म्हणजे माझी आई, म्हणायची की भाव जमला नाही तर तू दुकानदाराच्या सात पिढ्या बाहेर काढतोस.

त्या सौद्याच्या सवयीनंच घात केला, हे आधीच कबूल करतो. शेवटच्या सत्रात प्रत्येकाला इंजिनावर एकट्यानं पाळी करावी लागायची. डिझेल जपून वापरायचं म्हणून इंजिन मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा ते दोन एवढंच चालायचं, तासातासाच्या तीन पाळ्या. मधली, बारा ते एकची, कुणालाच नको असायची, कारण तेव्हाच मेसमध्ये गरम जेवण निघायचं. मी या पाळ्यांचा बाजार मांडला. माझी बाराची तू घे, तुझ्या दोन अकराच्या मी करतो. माझा बॉयलर सूट धुऊन दे, तुझी पाळी माझी. तक्त्यावर एकाचं नाव आणि शेडमध्ये दुसराच, असं दर आठवड्याला व्हायचं. बॉयलर सूट, म्हणजे कामाचे अंगभर कपडे, सगळ्यांचे एकाच रंगाचे. डोक्यावर हेल्मेट, कानांवर आवाज अडवणारे मफ, डोळ्यांवर गॉगल. आत आवाज असा की शेजारचा ओरडला तरी नुसते ओठ हललेले दिसायचे. समोर कोण आलंय हे बघायची मला गरजच उरली नव्हती. मी ठरवलेला नाहीतर त्यानं पाठवलेला, कोणीतरी असायचाच.

इंजिनावर शिकवणारे एकच होते, यवतमाळचे. आजोबा कचेरीत, वडील कचेरीत, हे एकटेच घरातून समुद्रावर गेले आणि चीफ इंजिनीअर होऊन निवृत्त झाले. जहाजावर चीफला 'बडा साब' म्हणतात आणि सगळ्यांत धाकट्या इंजिनीअरला 'पाच साब'. आम्ही त्यांना बडा साब म्हणायचो. ते आम्हा सगळ्यांनाच पाच साब म्हणायचे, म्हणजे कुणाचं नाव पाठ करायला नको.

पाळी कशी ताब्यात द्यायची, हे त्यांनी आमच्या हाडात मुरवलं होतं. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, पंधरा मिनिटं आधी येतो. आल्यावर तो तुमच्याकडे बघतही नाही. आधी इंजिनाभोवती एकटा फेरी मारतो, आणि प्रत्येक झाकणाला, प्रत्येक पंपाला हाताची पालथी बाजू लावून पाहतो. तळवा नाही, तळव्याला घट्टे पडलेले असतात, त्याला खरी ऊब कळत नाही. मग लॉगबुक वाचतो. मग तुमच्या खांद्यावर दोन थापा मारतो. त्या थापा पडल्या की इंजिन त्याचं. तोपर्यंत काहीही झालं तरी ते तुमचंच. सही करायची ती मोकळं झाल्यावर, त्याआधी नाही.

परीक्षेला दीड महिना राहिला होता. मे महिन्यातला शुक्रवार. तक्त्यावर बारा ते एक माझी पाळी, एक ते दोन रूममेटची. बाहेर नांगरून पडलेल्या काळ्या शेतांवर ऊन असं उभं होतं की नजर ठरत नव्हती. माणूस नाही, जनावर नाही. शेडचं दार उघडं होतं आणि आतल्या अंधारात तेवढाच एक पांढरा चौकोन दिसत होता.

पावणेएकला त्या चौकोनात माणूस उभा राहिला. माझं लक्ष गेलं ते एका गोष्टीमुळे. आत येताना त्यानं पाय गुडघ्याइतका उचलला आणि मान खाली घातली. शेडच्या दाराला उंबरठा नाही. हातगाडी आत जावी म्हणून फरशी सपाट ठेवलेली आहे, आणि चौकट डोक्याच्या वर दोन हात उंच. मला वाटलं, नखरे करतोय. मग तो डावीकडून फेरीला निघाला. आम्ही सगळे उजवीकडून जायचो, कारण डावीकडे हत्यारांचं कपाट आडवं येतं. तो त्या फटीतून तिरपा होऊन सरळ गेला, कपाटाकडे न बघता. प्रत्येक झाकणाला हाताची पालथी बाजू लावली. कुठं घाई केली नाही. समुद्राच्या पाण्याच्या पंपाजवळ थोडा जास्त थांबला.

त्या पंपाचं इथं नुसतं नाव उरलं होतं. जहाजावर तो समुद्राचं पाणी ओढतो, इथं बाहेरच्या सिमेंटच्या टाकीतलं विहिरीचं पाणी ओढायचा. लॉगबुकात 'समुद्राच्या पाण्याचं तापमान' असा रकाना छापलेला होता. पहिल्या तुकडीपासून सगळे तिथं आडवी रेघ मारत आले होते.

त्यानं लॉगबुक वाचलं. माझ्या खांद्यावर दोन थापा पडल्या. मी माझ्या ओळीपुढे सही केली आणि बाहेर पडलो. मागं वळून पाहिलं नाही. भूक लागली होती.

दोनला इंजिन थांबल्याचं मेसमध्ये ऐकू आलं. थोड्या वेळानं बडा साब आत आले. त्यांच्या हातात लॉगबुक होतं. ते त्यांनी याआधी कधी शेडबाहेर आणलेलं नव्हतं.

"एकची पाळी कुणी केली?"

 ते माझ्याकडे वळले. "पाच साब, तुला कुणी मोकळं केलं?"

"ज्याची पाळी होती त्यानं. माह्या रूममेटनं."

तेवढ्यात रूममेट दारातून आत आला. गालावर हात, तोंडात कापसाचा बोळा. सकाळच्या एसटीनं तो राळेगावला दाढ काढायला गेला होता.

"म्या तुले सकाळीच सांगतलं होतं ना भाऊ," तो बोळ्यातून कसाबसा म्हणाला, "माह्या जागी कोणाले तरी लावजो म्हणून. तू झोपेत हो म्हणला."

तो म्हणत होता ते खरं असणार. मी टेबलांकडे पाहिलं. आमची सगळी तुकडी तिथंच बसली होती. मी जेवायला आलो तेव्हापासून तिथंच होती, जेवण झाल्यावर उन्हात कोण बाहेर पडतो. तरी मी एकेक डोकं मोजलं. एकही कमी नव्हतं.

बडा साब मला शेडमध्ये घेऊन गेले. इंजिन शिस्तीत बंद केलेलं होतं, पुस्तकात लिहिलेल्या क्रमानं, एकही पायरी न चुकवता. तेलाची चिंधी चार घड्या करून कठड्यावर ठेवली होती. आमच्यात चिंधीची घडी कोणी करत नाही. लॉगबुकात एक, दीड आणि दोन वाजताच्या नोंदी होत्या, बारीक, उजवीकडे कललेल्या अक्षरात. सगळे रकाने भरलेले. समुद्राच्या पाण्याचं तापमान, जिथं आम्ही रेघ मारायचो, तिथंही आकडे होते. सहा. सहा. पाच.

बाहेरच्या टाकीतलं पाणी त्या वेळी इतकं तापलेलं होतं की हात घालवला नसता. बडा साबांनी पंपाच्या पाइपाला हाताची पालथी बाजू लावली आणि पटकन काढली. मग मी लावली. पाइप गार होता. नुसता गार नाही, बर्फाच्या लादीजवळ हात नेल्यावर लागतो तसा. आणि त्याच्यावर थेंब होते. आमच्याकडे मे महिन्यात ओला कपडा दोरीवर नेईपर्यंत अर्धा वाळतो. लोखंडावर थेंब धरावेत एवढी ओल हवेत नसतेच.

"सही नाही," मी म्हणालो. मला त्यातल्या त्यात तेच सापडलं. "त्यानं सहीच केली नाही. कोणीतरी मस्करी केली असन."

"सही मोकळं झाल्यावर करतात," बडा साब म्हणाले. "त्याला अजून कोणी मोकळं केलेलं नाही."

हे ते मला सांगत नव्हते. एवढं बोलून त्यांनी लॉगबुक मिटलं आणि आवाज बदलला. उद्या सकाळी केबिनमध्ये ये. चालू इंजिन बेवारस सोडलं तर नाव कमी होतं, नियम माहीत आहे ना? मला कुणी मोकळं केलं ते दाखव, नाहीतर सामान बांध. दारावर कॅमेरा होता, पण त्याची तार उंदरांनी कधीच कुरतडली होती.

संध्याकाळी मी रूममेटला खोलीत बसवलं.

"तू सांग का तू आलता म्हणून."

"माह्या तोंडात बोळा होता भाऊ. साऱ्याईनं पाह्यला."

"दाढ काढून लवकर आलतो म्हण. पाळी केली आन् मंग गोळ्या आणाले पुन्हा बाहेर गेलतो म्हण. तुले काय पाह्यजे ते बोल. परीक्षेपर्यंत तुह्या साऱ्या पाळ्या माह्या."

"मले काही नोको. तू घरी गेला तं मले करमन नाई इथं. मी म्हणतो."

त्याच्याशी सौदाच होत नाही, आणि ज्याच्याशी सौदा होत नाही त्याच्यावर माझा भरवसा बसत नाही. तो भरवसा बसला नाही तेच बरं झालं. दुसऱ्या दिवशी त्यानं केबिनमध्ये पाठ केलेलं सगळं नीट सांगितलं. बडा साबांनी मान हलवली, लॉगबुक उघडून त्याच्यासमोर सरकवलं आणि त्या तीन आकड्यांवर बोट ठेवलं.

"हे कुठल्या मीटरवरून घेतलेस?"

आकड्यांचं मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं. भीतीच्या गोष्टी कामाच्या माणसाला आधी सांगू नयेत म्हणून. तो वाकून वाचत राहिला. शेतकऱ्याचा मुलगा, पाणी किती गार, किती गरम हे त्याला मीटरशिवाय कळतं.

"हे पाणी कुठलं होय सर?"

"ते तू सांगायचं."

त्यानं दोन बोटांनी लॉगबुक मागं सारलं. "म्या नाई लेह्यलं हे. मी नव्हतो तिथं." मग तो माझ्याकडे वळला. रागावलेला नव्हता, त्याचं तोंड उतरलं होतं. "तू मले कोणाच्या जाग्यावर उभं करून राह्यला होता?"

तो निघून गेला. त्याच दिवशी त्यानं खोली बदलून घेतली.

आम्ही दोघेच उरलो. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, दाराशी पाय उचलला होता ते सांगितलं, तेव्हा बडा साबांनी हात वर केला.

"किती उचलला?"

"गुडघ्याएवढा. आन् मान खाली."

"हात?"

"उजवा हात वर. काहीतरी धरल्यासारखा."

ते खुर्चीत मागं टेकले. "जहाजावर इंजिनरूमच्या दाराला लोखंडी उंबरठा असतो, गुडघ्याच्या थोडा खाली. पाणी आत येऊ नये म्हणून. दारही बुटकं. पहिल्या महिन्यात प्रत्येकाची नडगी फुटते. नंतर पाय आपोआप उचलला जातो. मी घरी आलो तेव्हा वर्षभर स्वयंपाकघरात पाय उचलून जात होतो. बायको म्हणायची, भांडी ओलांडताय की काय."

"आमच्या तुकडीतलं कोणीच जहाजावर गेलं नाई आतापर्यंत."

"नाही."

"म्हंजे तुमचा भरोसा हाय माह्यावर."

 ड्रॉवरमधून एक टाइप केलेला कागद काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवला. रिलीव्हर येण्याआधी मी पाळी सोडली, माझी चूक झाली, असा मजकूर. "यावर सही कर. मग नाव कमी करत नाही. आठ जादा पाळ्या कर, परीक्षेला बस, दाखला घे."

"पण मले मोकळं केलतं."

"मी जर असं लिहिलं की कोणीतरी आलं होतं, तर मंगळवारी त्या शेडमध्ये पाठवू कुणाला? तू जाशील?"

मग मी जे बोललो ते इथं लिहीत नाही. शेजारच्या वर्गातला तास थांबला होता, एवढं सांगतो. बडा साबांनी ऐकून घेतलं. माझा दम संपला तेव्हा त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. पाणी पिता पिता माझं डोकं पुन्हा चालायला लागलं.

"सही करतो," मी म्हणालो. "पण एक अट. मंगळवारची बाराची आन् एकची पाळी तुम्ही करा. एकट्यानं. पावणेएकला मी येतो. मंग माह्या तोंडावर एवढंच म्हणा का तिथं कोणी येत नाई. म्हणलं का त्याच जागी सही."

"सौदा करतोस?"

"हो."

त्यांनी बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवला. "बरं," ते म्हणाले.

मला वाटलं, मी त्यांना दोन्हीकडून धरलं. कोणी आलं नाही तर माझं आणखी काही जात नाही. कोणी आलं, तर हा माणूस खोटं बोलणार नाही, हे मला ठाऊक होतं.

मंगळवारी मी वेळेच्या आधीच निघालो. मेसपासून शेडपर्यंत पायवाट आहे. अर्ध्या वाटेवर असतानाच इंजिनाचा आवाज नेहमीसारखा, एकसारखा ऐकू येत होता. शेडच्या बाहेर, सिमेंटच्या टाकीच्या कडेला, भर उन्हात बडा साब बसले होते. हेल्मेट मांडीवर. मफ गळ्यात.

मी घड्याळ पाहिलं. बारा चाळीस. पावणेएकसुद्धा झाले नव्हते.

"इंजिन चालू हाय," मी म्हणालो.

"ऐकू येतंय."

"आत कोण हाय?"

त्यांनी खिशातून तो घडी केलेला कागद आणि पेन काढलं. पेनाचं टोपण काढायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला. त्यांच्या सुटाच्या डाव्या खांद्यावर पंजाएवढा ओला डाग होता. बाकी सूट कोरडा, उन्हानं ताठ झालेला. मी बघत असतानाच तो डाग कडेनं आकसत गेला, आणि जिथून गेला तिथं पांढरट रेघ राहिली.

"पहिले म्हणा," मी म्हणालो.

"तिथं कोणी येत नाही," बडा साब म्हणाले.

शब्दाला शब्द, ठरलं होतं तसं. माझ्या नजरेला नजर देऊन म्हणाले. मी दाराकडे पाहिलं. त्या उजेडातून आत बघितलं की काळोखाशिवाय काही दिसत नाही. चार पावलं गेलो असतो तर दिसलं असतं. मी गेलो नाही. हे मी कुणावर ढकलत नाही, मी गेलो नाही.

ठरलेला शब्द त्यांनी दिला होता. माझा मी फिरवला असता तर मग माझ्याकडे राहिलं काय असतं? मी टाकीच्या कडेवर कागद ठेवून सही केली. सिमेंट इतकं तापलं होतं की मनगट भाजलं.

"दोनपर्यंत आपलं काम नाही," ते उठत म्हणाले. "चल, जेवून घे."

आम्ही दोघं त्या पायवाटेनं मेसकडे आलो, एकामागे एक. चालू इंजिन मागं ठेवून. त्यांनी ताटात वरण-भात घेतला, लिंबू पिळलं आणि खाल्ला. दोनला तिकडे आवाज उतरत गेला, हळू झाला, थांबला. वाढणाऱ्या बाईनं विचारलं, "साहेब, आज मशीनवर कोण हाय, त्याचं ताट झाकून ठेवू का?" बडा साब म्हणाले, "नको."

त्याच आठवड्यात तक्ता बदलला. बाराची आणि एकची पाळी दोघादोघांनी करायची, अशी सूचना लागली. कारण लिहिलेलं नव्हतं. माझ्या आठ जादा पाळ्या मी अकराच्या घेतल्या. परीक्षा पास झालो, इंजिनाच्या प्रात्यक्षिकात तुकडीत पहिला आलो. आणि दाखला हातात पडला तेव्हा ती ओळ दिसली. पाळ्यांची संख्या ठरली होती, परीक्षा ठरली होती, बडा साबांनी काय म्हणायचं तेसुद्धा मी शब्दाला शब्द ठरवलं होतं. दाखल्यावर 'वर्तणूक' असा एक रकाना असतो आणि तिथं काय लिहायचं, हे ठरवायचं मला सुचलं नव्हतं. जुना पंप घेतानासुद्धा मी बिलाचा मजकूर आधी वाचतो.

मी केबिनमध्ये गेलो. "तुम्ही बी पाळी सोडून बाहेर बसले होते."

"हो."

"मंग माह्याच दाखल्यावर काहून?"

"तू सही केलीस."

"तुम्ही करायले लावली."

"लावली," ते म्हणाले. "तुझ्या जागी मी असतो तर केली नसती."

आवाजात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. दाखला फाडून त्यांच्या टेबलावर टाकावा असं आलं होतं मनात. पण दोन वर्षांचा कागद होता. घडी करून खिशात घातला.

मुंबईत पहिल्या कंपनीत मुलाखत घेणारे स्वतः जुने इंजिनीअर होते. सगळे प्रश्न झाले, उत्तरं चोख गेली. मग त्यांनी दाखला पाहिला आणि चष्मा काढला. "नुसतं सोडून गेलात, की कोणी मोकळं केलं होतं?"

"मोकळं केलं होतं."

"कुणी?"

"माहीत नाही."

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. असं उत्तर त्यांनी आधी कुठंतरी ऐकलं असावं, असं मला उगाच वाटलं. मग म्हणाले, कळवू. दुसऱ्या ठिकाणी मी शहाणा झालो होतो. कोणी आलं नव्हतं, मीच सोडून गेलो, चूक झाली, असं सांगितलं. त्यांनीही कळवू म्हटलं. तिसऱ्या ठिकाणी प्रश्नच विचारला नाही. चौथ्याला मी गेलो नाही. पांढरकवड्याला आलो आणि भाड्याच्या गाळ्यात एक जळालेला जनरेटर उघडून बसलो.

माझा राग बडा साबांवर आहे, आणि तो राहील. जो आला होता त्याच्यावर नाही. तो वेळेच्या पंधरा मिनिटं आधी आला, प्रत्येक झाकणाला हात लावून पाहिलं, लॉगबुक वाचलं आणि मगच मला जाऊ दिलं. त्या दोन वर्षांत माझ्याशी सरळ वागलेला तेवढा एकच माणूस, आणि मी त्याचा चेहराही पाहिला नाही.